गव्हासाठी बसवलेली गाडी

गाडी माझ्या दुकानाच्या रॅम्पवर चढली की मालकानं तोंड उघडायच्या आत मी सांगते, ही कुठल्या रस्त्यावर राहते. धरमपुरीच्या घाटात रोज चढ-उतार करणाऱ्या गाडीचं नाक खाली झुकलेलं असतं, पुढचे शॉकर दमलेले, ब्रेकना जळका वास. टोंकखुर्दच्या गाडीच्या पोटाला काळी माती थापलेली असते आणि डावीकडचे रबरी बुश उजवीकडच्यांच्या आधी फाटलेले असतात. कारण तिथलं डांबर एका गाडीपुरतंच. समोरून ट्रॅक्टर आला की डावी चाकं खाली उतरवायची, तो गेला की पुन्हा वर चढवायची, दिवसभर हाच खेळ. आणि आमच्या देवासच्या कॉलन्यांतल्या गाड्या? तिथे गल्लीगल्लीच्या तोंडाशी ज्याला जसा जमला तसा त्यानं स्पीडब्रेकर बांधलाय. त्यांच्या स्टेअरिंगचे सांधे आधी जातात. गिऱ्हाइकं म्हणतात, "जिजी, आप तो जादू जानती हो." डोंबलाची जादू! इथल्या काळ्या मातीवर रस्ता बांधला की ती पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते आणि वरचं डांबर न झटकता वाळत घातलेल्या चादरीसारखं सुरकुतून बसतं. त्या सुरकुत्या गाडीच्या खाली शिरून वाचता येतात, आणि मला वाचता येतात.

दुकान सासरचं. आमच्या ह्यांच्या घरचे लोक पूर्वी संस्थानच्या बग्ग्यांच्या कमानी, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसवायचे. संस्थान गेलं, बग्ग्या गेल्या, कमानी बसवणारे हात तेवढे राहिले, ते जीपवर आले, मग मोटारींवर. हे अलाइनमेंटच्या मशीनवर उभे असतात आणि दिवसभरात मोजकं बोलतात. बाकीचं सगळं मी बोलते. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांना वाटलं सून गल्ल्यावर बसेल. मी गाडीखाली जाऊन बसले. तिथे उन्हाळ्यात गार असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

माहेर धारचं. आणि माहेरी एक रीत आहे, जी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. गाडी रिकामी बाहेर काढायची नाही. "गाडी निघतेय" एवढं कानावर जायचा अवकाश, की शेजारच्या काकूंना इंदूरला दात दाखवायचा असतो, मावशीकडे लोणच्याची बरणी पोचवायची असते, कुणाच्या तरी मुलीला बसस्टँडवर सोडायचं असतं. काहीच नसेल तर गव्हाचा कट्टा, म्हणजे पोतं, असतंच. कुणी ना कुणी तो कुणाला तरी देणं लागत असतं. गाडीत ड्रायव्हर सोडून कुणीही नाही आणि डिकीत काहीही नाही, अशी आमच्या घरची गाडी धारमध्ये कुणी पाहिली असेल तर मी मिशी लावून फिरेन.

ह्या रितीचे राखणदार म्हणजे आमचे बाबा. सकाळपासून ओट्यावर खुर्ची टाकून बसतात आणि कुणीही आलं, कुणीही निघालं, की त्यांचा एकच प्रश्न. "बरोबर कोण आहे?" माणसाला एकटं पाठवणं म्हणजे त्याच्या घरात कुणी नाही असं जगाला सांगणं, असं त्यांचं पक्कं मत. मी देवासहून स्वतः गाडी चालवत येते, इतकी वर्षं झाली, तरी दारात उतरले की आधी "बरोबर कोण आहे?" मग "ये." मी सांगते, "देवासच्या टेकडीवरची माता आहे बरोबर, मागच्या सीटवर बसलीय." ते खरंच मागच्या सीटकडे बघतात.

माझा भाऊ धाकटा. धारमध्ये खत-बियाण्यांचं दुकान, आणि टोंकखुर्दला आमची वडिलोपार्जित शेती, तीही तोच बघतो. गाडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. साधी लहान गाडी, पण त्यानं ती "बसवली" होती. टोंकखुर्दच्या शेतरस्त्यावर गाडीचं पोट घासायचं, म्हणून मागच्या स्प्रिंगा जड गाडीच्या घातल्या, वर स्प्रिंगांच्या वेटोळ्यांमध्ये रबराचे बफर ठोकले, टायरांत दगडासारखी हवा भरली. रिकामी उभी असली की गाडीचं बूड वर दिसायचं. पण डिकीत गहू, मागे तीन माणसं, शेजारी बाबा, असा लवाजमा बसला की गाडी अगदी समपातळीत यायची आणि चाकोरीतून पोट न घासता निघायची. काम चोख होतं. मला कुणाचं काम चोख म्हणायला लावणं सोपं नाही, आणि हा तर माझा भाऊ.

भावजय आमची विज्ञान शिकवते. अंगानं काडी, बोलणं हळू. मी एका दमात जेवढं बोलते तेवढं ती आठवड्यात बोलत असेल. पण वर्गात म्हणे टाचणी पडली तर ऐकू येते. तर ह्या वर्षी तिला बढती मिळाली. नालछ्याच्या पुढे, मांडवगडचा रस्ता सोडून आत जावं लागतं, तिथल्या शाळेत मुख्याध्यापिका. बस नालछ्यापर्यंत. पुढचं ज्याचं त्यानं बघायचं. म्हणून ती गाडी शिकली. पन्नाशी जवळ आलेली बाई, रोज पहाटे उठून शिकली. सोमवारपर्यंत तिनं होकार कळवायचा होता, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

आणि त्या आठवड्यात तिचा फोन आला. "वन्सं, मी नाही म्हणून कळवतेय."

"का गं बाई? डोकं फिरलं का?"

"माझ्या हातात गाडी बसत नाही."

हळूहळू सगळं काढून घेतलं. ती शाळा बघायला म्हणून निघाली होती. त्या दिवशी पहिल्यांदाच एकटी, कारण भाऊ दुकानात अडकला आणि बाबा दुपारचे झोपले होते, विचारायला कुणी जागं नव्हतं. नालछ्याच्या पुढे एक वळण आहे, तिथे पावसात उखडलेल्या रस्त्याला थिगळं लावलीयत, ओळीनं, जवळजवळ. त्या थिगळांवरून गाडी वळणात गेली आणि मागून उडाली. उडाली आणि सरकली. रस्ता सोडून खाली बाभळीत जाऊन थांबली. हिला खरचटलंही नाही. गाडीचा बंपर तेवढा चिरला. घरी येऊन तिनं सांगितलं, गाडी मागून उडते. भावानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गाडीत घातलं, त्याच वळणावरून नेलं, आणलं, आणि निकाल दिला. "गाडी एकदम फर्स्टक्लास आहे. हिच्याच हातात दम नाही."

"आणि तू काय म्हणालीस?"

"ते बरोबरच असतील, वन्सं. बाकी कुणाच्या हातात ती उडत नाही."

हे ऐकून मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती रडली असती तर मी समजावलं असतं. पण हिनं तर पटवूनच घेतलं होतं. ज्या बाईनं दोन पोरं वाढवून, सासऱ्याचं सगळं बघून, नोकरी सांभाळून, ह्या वयात क्लच शिकला, ती म्हणतेय माझ्या हातात दम नाही. मी ह्यांना म्हटलं, दुकान बघा. शनिवारी सकाळी निघाले. मागून उडते म्हणाली होती, म्हणून निघताना त्या गाडीच्या जुन्या मापाच्या मागच्या स्प्रिंगा आणि नवे शॉकर डिकीत टाकले. माहेरी मी रिकाम्या हातानं जात नाही.

"बरोबर कोण आहे?" बाबांनी विचारलं.

"स्प्रिंगा आहेत."

पण मी लगेच गाडीखाली गेले नाही. आधी तिचा हात बघायचा होता. म्हटलं, चल, दाखव कशी चालवतेस. ती बसली, मी शेजारी, आणि आम्ही निघतोय हे कळल्यावर बाबा मागे येऊन बसले, भाऊही बसला, त्याला माझ्या डोळ्यांसमोर खरं ठरायचं होतं. वर डिकीत कुणाचा तरी सोयाबीनचा कट्टा, नालछ्याला उतरवायचा म्हणून. माझं वजनही काही फुलासारखं नाही. तर अशी आमची वरात त्या वळणाला गेली. काय सांगू, किती छान चालवते ती! गिअर कधी बदलला कळत नाही, खड्डा दिसला की आधीच वेग कमी, वळणाच्या आत ब्रेक नाही. आणि गाडी? थिगळांवरून गेली ती लोण्यातून सुरी जावी तशी. कशाचं उडणं अन् कशाचं सरकणं!

"देखा?" भाऊ मागून म्हणाला. "जिजी, अब बोल. गाडी मैंने बिठाई है."

घरी येऊन चहा झाला. सगळे गप्पांत, आणि मला काही सुचेना. हात चांगला, गाडी चांगली, मग बाभळीत गेलं कोण? तेवढ्यात भावजय कपबश्या उचलता उचलता म्हणाली, "तुम्ही सगळे बसता तेव्हा ती नीटच चालते. मी एकटी असले की उडते."

सगळे हसले. भाऊ म्हणाला, "गाडी पण लाजते वाटतं चारचौघांत!" बाबांना ठसका लागला. मीही हसले. आणि हसता हसता बाहेर रस्त्यावरून एक रिकामी ट्रॉली गेली, खडाम खडाम खडाम, घरातल्या बरण्या हलल्या. भरलेली ट्रॉली गेली असती तर कुणी मान वर करून बघितलंही नसतं. माळव्यात हे कुणाला माहीत नाही? भरलेली ट्रॉली रस्त्यावर बसते, रिकामी नाचते. माझं हसू तिथेच थांबलं.

"ही गाडी तू एकट्यानं कधी चालवलीस?" मी भावाला विचारलं.

"एकट्यानं?" त्याला प्रश्नच कळेना. "एकटा कशाला जाईन मी?"

"डिकी रिकामी ठेवून?"

"अरे यार जिजी, रिकामी गाडी कोण फिरवतं?"

आत्ता कळलं ना! ती गाडी आली त्या दिवसापासून आमच्या घरात कुणीही ती रिकामी चालवलीच नव्हती. साऱ्या जगात ती गाडी एकटीनं, रिकामी चालवलेली बाई एकच, आणि तिचं कुणी ऐकेना, कारण ऐकायला म्हणून जो गाडीत बसायचा त्याच्या वजनानंच गाडी शहाणी व्हायची.

मी काही बोलले नाही. माझ्यासारखी बाई गप्प बसली म्हणजे घरच्यांनी घाबरायला हवं होतं. रविवारी सकाळी बाबा देवपूजेत असताना मी तिला म्हटलं, गाडी काढ. एकटी बस. मी माझ्या गाडीतून मागून येते. आणि त्या वळणावर त्या दिवशी जेवढ्या वेगानं गेली होतीस तेवढ्याच वेगानं जा. समोरून काही येत नाही हे बघून घे, पण वेग कमी करू नकोस.

"आणि पुन्हा गेली तर?"

"तर मी आहे मागे. बाभळीला सॉरी म्हणू."

ती हसली नाही. तिनं सीटबेल्ट दोनदा ओढून बघितला. तिला भीती वाटत होती, आणि तरी ती गेली.

नालछा मागे पडलं, आम्ही आत वळलो, वळण आलं. रस्ता मोकळा होता. मी थोडी बाजूला राहून तिच्या मागच्या चाकांवर डोळा ठेवला होता. पहिलं थिगळ आलं आणि मागची चाकं उसळली. खाली टेकायच्या आत दुसरं. मग तिसरं. आणि मग मी बघितलं, वळणाच्या आतल्या बाजूच्या चाकाच्या खालून पलीकडचा रस्ता दिसत होता. चाक हवेत होतं! दुसरं नुसतं टकटक नाचत होतं, आणि गाडीचं बूड हातभर बाहेरच्या बाजूला सरकलं. मी एकटीच गाडीत ओरडले, "अगं बाई गं!" पण पोरीनं ब्रेक दाबला नाही. हात सोडला नाही. स्टेअरिंग थोडंसं उलटं दिलं, पाय हळूच उचलला आणि गाडी सरळ केली. पुढे जाऊन बाजूला उभी राहिली.

मी धावत गेले. ती काच खाली करून समोर बघत बसली होती. मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हटलं, "तुझ्या हातात काय दम आहे गं! चाक हवेत होतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. चाक जमिनीवरच नव्हतं!"

"म्हणजे उडते ना?" तिनं विचारलं.

"उडते म्हणजे काय, नाकतोड्यासारखी उडते!"

मग ती रडली. इतक्या दिवसांचं सगळं तिथे रस्त्याच्या कडेला निघालं. मीही रडले, लपवायचं काय त्यात.

घरी आल्यावर मी भावाला ओट्यावर बसवलं आणि शांतपणे, म्हणजे माझ्या मानानं शांतपणे, सांगितलं. स्प्रिंगेचं काम धक्का गिळायचं. तू तिच्यात कट्ट्यांचं वजन धरून जोर भरलास. वर कट्टे नसले तर ती धक्का गिळत नाही, उलटा फेकते. आणि तुझे शॉकर जुने, त्यांना एवढ्या दांडगट स्प्रिंगेला आवरता येत नाही. सरळ रस्त्यावर नुसती आदळते. वळणात थिगळं लागली की चाक जमीन सोडतं. जमीन सुटली की स्टेअरिंगवर कुणीही बसलेलं असू दे.

त्याला पटलं नाही असं नाही. पण चेहरा उतरला. "बफर काढले तर टोंकखुर्दला पोट घासेल," तो म्हणाला. "सालभर का गेहूं कसं आणू?"

आणि मग आमच्या घरात जे व्हायचं तेच झालं. बाबांनी खुर्चीत बसल्या बसल्या तोडगा काढला. "त्यात काय? हिच्या डिकीत दोन कट्टे गहू टाकून ठेवा. रोज बरोबर नेईल, रोज बरोबर आणेल."

"एकदम बराबर!" भाऊ उठलाच. मला वाटलं थट्टा चाललीय. कसली थट्टा! पाच मिनिटांत त्यानं कोठीच्या खोलीतून दोन कट्टे आणून डिकीत टाकले. भावजयीला म्हणाला, जाऊन बघ. ती गेली, वळणापर्यंत जाऊन आली. "नाही उडाली," म्हणाली. झालं! बाबांनी पेढे मागवले. भाऊ मला डोळे मिचकावून म्हणाला, "देखा जिजी, गाडी को हाथ भी नहीं लगाना पड़ा."

मी काय काय नाही बोलले! म्हटलं, कट्टा वळणात सरकला तर? पुढची चाकं हलकी पडतील, त्याचं काय? बाईनं शाळेत जाताना डिकीत तुमचा गहू मिरवायचा? रोज नेऊन रोज आणायचा? गव्हाला काय शाळेत घालणार आहात? बाबा म्हणाले, "तू फार बोलतेस. एवढी लांब एकटी जाणार, काहीतरी बरोबर असलेलं बरं." आणि मी पहिल्यांदा हात टेकले. कारण त्यांना गाडीची काळजी नव्हतीच. त्यांना ती एकटी जायला नको होती, माणूस नाही तर गहू.

भावजय एवढा वेळ दारात उभी होती. पायरी उतरली, डिकी उघडली, एका कट्ट्याचं तोंड धरलं आणि ओढला. तो कट्टा तिच्याहून जड असेल. भाऊ म्हणाला, "अगं, अगं, काय करतेस?" तिनं ऐकलं नाही. कट्टा धपकन खाली आला, शिवण उसवली, अंगणभर गहू झाला. दुसरा पण ओढला. दम लागला होता तिला. पदरानं तोंड पुसून ती नवऱ्याला म्हणाली, हळूच, नेहमीसारखंच हळू.

"अहो, गहू वर्षातून एकदा येतो. मी रोज जाणार आहे. गाडी माझ्या वजनाची करा."

भाऊ वाकून उसवलेली शिवण धरायला लागला. मग ती म्हणाली, "पटत नसेल तर एकदा एकटे जाऊन या."

भावानं किल्ली घेतली. दाराशी पोचल्यावर सवयीनं मागे वळून बघितलं, कोण येतंय म्हणून. बाबा उठायला लागले तशी मी त्यांचा हात धरून खाली बसवलं. तो एकटा गेला. अंगणातला गहू चिमण्यांनी टिपायला घेतला, मी झाडू घेऊन गोळा करत बसले, भावजय आत जाऊन कणीक मळायला लागली. बऱ्याच वेळानं गाडी आली. भाऊ उतरला तो घामानं डबडबलेला, शर्टाला बाभळीचं पान चिकटलेलं. कुठून आलं, मी विचारलं नाही. माझ्याही अंगात थोडी माणुसकी आहे.

तो सरळ आत स्वयंपाकघरात गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, आणि मी खूप प्रयत्न केला होता. बाहेर आला आणि म्हणाला, "जिजी, जॅक कुठंय?"

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी मिळून अंगणात गाडीचं मागचं सगळं उतरवलं. बफर काढले. जुन्या मापाच्या स्प्रिंगा घातल्या, नवे शॉकर बसवले, टायरांतली हवा कमी केली. लहानपणी सायकलची चेन बसवताना भांडायचो तसेच भांडलो. "असं नाही, असं." "तुला काय कळतं?" "मला नाही तर कुणाला कळतं?" काढलेले बफर त्यानं पुसून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवले. टाकायला त्याचा जीव होईना. मी म्हटलं राहू दे. गव्हासाठी पुढच्या वेळी छोटा ट्रक सांगू, नाहीतर माझ्याकडे देवासला उतरव, मी भरून पाठवीन. गाडीचं बूड खाली आलं होतं. इतकी वर्षं ती ऐटीत पार्श्वभाग उचलून उभी असायची, आता साध्या गाडीसारखी दिसत होती. त्याला ते बघवेना, म्हणून त्यानं ती धुतली.

सोमवारी सकाळी तिनं फोन करून होकार कळवला आणि लगेच, त्याच दिवशी, शाळेत जाऊन येते म्हणाली. फिकट हिरवी साडी, खांद्याला पिशवी. भाऊ चपला घालून गाडीच्या डाव्या दाराशी उभा. सवय! तिनं त्याच्याकडे बघितलं. तो चपला काढून परत ओट्यावर येऊन बसला. मीही माझ्या गाडीची किल्ली हातात घेतली होती, मागून जाऊन चाकं बघायला. धंद्याचा प्रश्न, दुसरं काही नाही.

"वन्सं, तुम्हीही नको," ती म्हणाली.

मला! जिनं चाक हवेत बघितलं तिला! पण मी किल्ली कमरेला खोचली आणि बसले. ती गेली. रिकामी गाडी, रिकामी डिकी, आणि स्टेअरिंगवर एक काडीएवढी बाई. वळण येईल तेव्हा काय होईल ह्याचा विचार करत आम्ही तिघं ओट्यावर बसलो. बाबांनी पेपर उलटा धरला होता, मी सांगितलं नाही. भाऊ दुकानात जायचं विसरला. मी स्वतःच्याच कामाची मनातल्या मनात उजळणी करत होते, नट आवळला होता ना, आवळला होता, मीच आवळला होता.

फोन वाजला तो भावानं पहिल्याच रिंगला घेतला, आणि बाबांनी त्याच्या हातातून घेतला.

"पोचले," ती म्हणाली. आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "वळणावर काही झालं नाही. वन्संना सांगा, मी मुद्दाम जरा जोरात घेतलं."

मी टाळी वाजवली. बाबांच्या तोंडातून मात्र सवयीचंच निघालं. "बरोबर कोण आहे गं?"

"कुणी नाही, मामंजी. एकटीच आहे."

बाबांनी मांडीवरचा उलटा पेपर सरळ केला. मग म्हणाले, "बरं. सावकाश ये." आणि फोन भावाकडे दिला.

तासाभरानं शेजारच्या काकू आल्या, हातात डबा. त्यांच्या मुलीची नणंद नालछ्याला असते. "काय हो, सकाळी गाडी गेली म्हणे, आणि आम्हाला सांगितलंसुद्धा नाही," त्या ओट्यापाशी येऊन बाबांना म्हणाल्या. "रिकामीच गेली का?"

"रिकामी कशी?" बाबा म्हणाले. "सूनबाई होती ना गाडीत."